एकतीस अब्ज तेवीस लाख बावन्न हजार एकशे एक्याऐंशी

हैदराबादेत मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिल्या दोन मिनिटांत "तुम्ही मूळचे कुठले?" हे यायचंच. मीही विचारायची. वाईट हेतूनं नाही हो, आमच्याकडे पुण्यात विचारतातच तसं. नल्लकुंट्यातल्या त्या घराची वरची खोली भाड्यानं बघायला गेले, तेव्हा दार उघडणाऱ्या उंच, वाळक्या म्हाताऱ्याला मी चपला काढता काढताच विचारलं, "काका, तुम्ही मूळचे कुठले?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मूळ संख्या असतात, बेटा. माणसं सगळी संयुक्त."

मला ओ की ठो कळलं नाही. मी पडले इंग्रजी शाळेतली. प्राइम आणि कॉम्पोझिट माहीत. मराठीत त्यांनाच मूळ आणि संयुक्त म्हणतात हे माझ्या गावीही नव्हतं. मला वाटलं, घरात एकत्र कुटुंब आहे. मी आपली आत डोकावून माणसं शोधायला लागले. होती दोघंच, ते आणि काकू.

"वय?" त्यांनी विचारलं.

"सत्तावीस."

"तीन गुणिले तीन गुणिले तीन. सगळा एकाच घरचा माल. जरा लोकांत मिसळत जा." एवढं बोलून त्यांनी किल्ली हातात दिली. आडनाव विचारलं नाही. पुढं साडेतीन वर्षं मी तिथं राहिले, तरी कधीच विचारलं नाही.

काका रेल्वेत होते. कामाचं नाव 'नंबर टेकर'. मालगाडी यार्डात आली की हातात वही घेऊन तिच्या कडेकडेनं चालत जायचं आणि प्रत्येक वाघिणीचा नंबर उतरवून घ्यायचा. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. हेही मला नंतर कळलं. पहिल्या आठवड्यात ते चहा पिता पिता म्हणाले, "दोन वाघिणी दहा महिने माझ्यासमोर उभ्या होत्या, हलल्या न्हाईत," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्राणिसंग्रहालय आलं होतं. मी विचारलंसुद्धा, "आणि तुम्हाला भीती नाही वाटली?" काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

त्या दोन वाघिणींची गोष्ट ते फार हळू सांगत, जणू सांगून संपली तर त्या निघून जातील. बिघडलेल्या होत्या दोघी. एकमेकींना जोडलेल्या, शेवटच्या रुळावर नेऊन ठेवलेल्या. चाकांत गवत वाढलं, एकीच्या दारात चिमण्यांनी घर केलं. काका रोज दुपारी तिथवर चालत जात, कारण यार्ड तिथं संपायचं आणि परत फिरायला काहीतरी खूण हवी. एकीवर लिहिलं होतं ३१००२. दुसरीवर ३५२१८१. एका दुपारी उन्हात डोळे बारीक करून त्यांनी दोन्ही आकडे एका दमात वाचले आणि तिथंच थबकले. एकतीस अब्ज तेवीस लाख बावन्न हजार एकशे एक्याऐंशी.

यार्डातला कुठलाही नंबर ते चालता चालता फोडत. ह्याला सातनं भाग जातो, ह्याला तेरानं. ही संख्या काही फुटेना. महिना गेला, पावसाळा गेला. मग एक दिवस वाघिणी नव्हत्या. कुठं नेल्या, कुणी नेल्या, काही कळलं नाही. रुळांमधलं गवत तेवढं त्यांच्या मापाचं पिवळं पडलेलं होतं. संख्या मात्र काकांकडंच राहिली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोठीच्या जुन्या बाजारातून मूळ संख्यांच्या कोष्टकाचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर दोननं भागायला बसले.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात काय एवढं? कॉम्प्युटरला विचारायचं. मीही तेच म्हणाले. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर, लोकांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेणारी. फोन हातात घेतलासुद्धा. काकांनी तो माझ्या हातातून हळूच काढून उशीखाली ठेवला.

"मशीनला विचारायचं न्हाई. वचन दे."

"पण का?"

"एखाद्याला घरी जाऊन भेटणं येगळं आणि त्याची फाईल वाचणं येगळं."

दिलं वचन. काय करता!

संख्यांचे स्वभाव हा त्यांचा खास विषय. सहा ही समाधानी. ती स्वतः सोडली तर तिचे भाजक एक, दोन, तीन. त्यांची बेरीज सहाच. अठ्ठावीसही तशीच. बारा उधळी, एक, दोन, तीन, चार, सहा मिळवले तर सोळा होतात, ऐपतीपेक्षा जास्त. दहा संकोची, आठावरच थांबते. "बहुतेक संख्या संकोचीच असतात," ते म्हणत, "आणि मूळ संख्येपाशी एक सोडून काहीच नसतं. घरात एकच माणूस." मूळ संख्यांविषयी बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. जग त्यांचं कौतुक करतं. काकांना त्यांची दया यायची.

एकदा मी बोलता बोलता विचारलं, "मग काका, ही तुमची संख्या कुठल्या जातीची?" आपण मराठीत म्हणतोच ना, कुठल्या जातीचा आंबा, कुठल्या जातीचा तांदूळ. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"संख्येला जात नसते. स्वभाव असतो."

काचीगुड्याच्या बाजूनं येणारी गाडी शिटी देत जाऊ दिली. आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्यांचे वडील मराठवाड्यातून रुळांच्या कामाला इथं आले. काकांचं लग्न झालं तेव्हा मराठी शेजार हवा म्हणून ते ह्याच भागात जागा शोधत फिरले. मराठी पाटी दिसली की बेल वाजवायची. या, बसा, पाणी. मूळचे कुठले? गाव सांगितलं की आडनाव काय? आडनाव सांगितलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावणारं घर आहे हे कळलं, की "अरेरे, जागा कालच गेली हो." अकरा घरं. "अकरा मूळ संख्या आहे," ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. दारातच मी त्यांना पहिला प्रश्न कोणता विचारला होता ते आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी राहायला गेले तेव्हा काम बंद पडलं होतं. काकांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. मोठं लिहिलेलं दिसे, बारीक छपाई दिसत नसे. साठ हजार दोनशे एक्कावन्नपाशी सगळं अडलेलं. काकूंनी वाचून बघितलं होतं. "चार आकडे वाचले की मला झोप येती बाई," त्या म्हणाल्या, "आन् हे म्हणतात नीट वाच. नीट म्हंजे काय, गाऊन दाखवू?"

तेव्हा मी वाचायला बसले. सकाळी सात ते आठ, गच्चीवर, रोज दहा संख्या. सुटे सुटे आकडे वाचलेले त्यांना चालत नसत. "सहा शून्य दोन असं वाचलं की तो नंबर होतो. नंबर मी जन्मभर घेतले. पूर्ण वाच, मराठीत वाच, म्हंजे संख्या होती."

मराठीत! माझी पाचावर धारण बसली. इंग्रजी शाळेतल्या मराठी मुलांना विचारा, 'एकोण' हा काय छळ आहे. एकोणसाठ म्हणजे साठ आणि काहीतरी असंच आमच्या डोक्यात बसतं. तो अठ्ठावन्नाच्या पुढचा आणि साठाच्या आधीचा हे कळेपर्यंत लग्नं होतात. पहिल्याच सकाळी साठ हजार दोनशे सत्तावन्ननंतर मी ठणकावून वाचलं, "साठ हजार दोनशे एकोणपन्नास!"

"उलटी गाडी चालायली," काका हसले. "एकोणसाठ म्हण. एकोण म्हंजे एक उणा. पुढचा दहा तोंडात धरायचा आन् त्यातला एक खाऊन टाकायचा."

मला ते फार आवडलं. मग एकाहत्तर वाचला. मग पुढचा आला, तोही मी एकोण लावून, ताठ बसून वाचला. काका म्हणाले, "शाब्बास!"

अशी तीन वर्षं गेली. खरं सांगू, त्या सकाळी मला आता स्वप्नात पाहिल्यासारख्या आठवतात. कोवळं ऊन कठड्यावरून सरकत काकांच्या वहीवर यायचं. ते जाड पेनानं बोटभर उंचीचे आकडे काढायचे, एका पानावर एकच भागाकार मावायचा. शेवटी बाकी उरली की त्याखाली बारीकशी रेघ ओढून "न्हाई," म्हणायचे. निराशेनं नव्हे, पोस्टमन दारावरून पुढे जाताना म्हणतो तसं, आज काही नाही. मी पुढची वाचायची. हळूहळू माझं एकोण इतकं पक्कं झालं की ऑफिसात इंग्रजीत आकडा सांगतानाही मनात आधी मराठी उमटायचा. चुकतंय कुठं, मोडतंय कुठं, हे शोधण्यात माझा सगळा दिवस जायचा. हा एक तास कुठलीच घाई नसलेला होता. पुण्याहून आई फोनवर म्हणायची, "स्थळं बघू का?" मी म्हणायची, "आई, आम्ही आत्ता एक लाखावर आलोय, थांब जरा."

त्यांची खात्री होती की ती फुटणार. "एवढी मोठी संख्या एकटी कशी असंल? कुणीतरी असणारच तिचं." कोष्टकात एक लाख शहात्तर हजारांच्या आसपास थांबलं तरी चालतं, तिथवर भाजक सापडला नाही तर पुढंही सापडत नाही. जसजसे आम्ही त्या आकड्याजवळ जायला लागलो, तसतसे काका गप्प व्हायला लागले. शेवटच्या सकाळी दहा नव्हत्या, चारच उरल्या होत्या. चौथ्या भागाकाराखाली रेघ ओढून ते म्हणाले, "न्हाई." वही मिटली. "मूळ निघाली."

त्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कोठीच्या पुस्तकवाल्याला, तारनाक्याच्या आपल्या जुन्या मित्राला. हे तेलुगू गृहस्थ मालगाडीवर गार्ड होते. सगळे म्हणाले, वा, मूळ! काका मान हलवत. पण गच्चीवर यायचे बंद झाले. खुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसायचे. जेवण निम्म्यावर आलं. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "काय की बाई, त्या आकड्यात काय मेलं, कोणास ठाऊक. रात्री उठून म्हणतात, एकटाच निघाला गं."

मला वाटलं, त्यांना काहीतरी छान द्यावं. जाड कागदावर सुंदर अक्षरात ती संख्या छापून घ्यायची, खाली लिहायचं, मूळ संख्या, शोधणाऱ्याचं नाव. काम संपलं म्हणजे वचनही संपलं, असा मी सोयीचा अर्थ लावला. छापायच्या आधी तपासायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ती संख्या कॉम्प्युटरला दिली. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं.

६०२८९ गुणिले ५१४२२९.

मी तीनदा बघितलं. साठ हजार दोनशे एकोणनव्वद! म्हणजे मी बसले त्या पहिल्या सकाळची. घरी आले, काका झोपलेले बघून ती वही काढली. ६०२७१. पुढच्या पानावर ६०२७९. त्याच्या पुढच्या पानावर ६०२९३.

एकोणनव्वदाला मी एकोणऐंशी म्हटलं होतं. ताठ बसून. आणि ते शाब्बास म्हणाले होते.

मी दहा हजार संख्या वाचल्या, त्यांनी दहा हजार भागाकार केले, पेनानं बोटाला घट्टा पडला, आणि जे हवं होतं ते पहिल्या दिवशीच हातातून गेलं होतं. माझ्या तोंडामुळे. त्यात आणखी एक गोष्ट मला काही केल्या समजेना. ६०२७९ च्या अंकांची बेरीज चोवीस, म्हणजे तीननं भाग जातो, म्हणजे ती मूळ संख्या असूच शकत नाही, कोष्टकात येऊच शकत नाही. माझ्यासारखीला नाही कळलं, ठीक. पण काका! हा माणूस रिक्षाच्या पाटीवरच्या अंकांचीसुद्धा मनात बेरीज करायचा. त्यांना कसं कळलं नाही?

आठ दिवस मी तोंड उघडलं नाही. सांगितलं तर तीन वर्षं पाण्यात गेली हे सांगावं लागणार, आणि कुणी घालवली तेही. आणि न सांगावं, तर ते भिंतीकडं बघत बसणार. एका खोट्या एकटेपणासाठी! नवव्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं.

"काका, एक संख्या राहिलीय."

"कुठली?"

"साठ हजार दोनशे एकोणनव्वद."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे माझ्या कानाकडं, कारण समोरचं त्यांना कडेनंच दिसायचं. मग काही न विचारता नवं पान उघडलं. पाचचा भाग गेला. मग एक, चार, दोन, दोन. आकडे सरळ येत होते. शेवटी वर पाच लाख बेचाळीस हजार सहाशे एक उरले. त्यांनी नऊनं गुणलं. खाली आले पाच लाख बेचाळीस हजार सहाशे एक.

"बाकी सांग," ते म्हणाले. समोर त्यांनीच लिहिलेली होती.

"शून्य."

"भागाकार वाच. नीट वाच."

"पाच लाख चौदा हजार दोनशे एकोणतीस."

"दोघं आहेत," काका म्हणाले. "दोघं आहेत गं त्यात!" आणि खुर्चीच्या पाठीला टेकून डोळे मिटून घेतले. मी इतका शांत चेहरा पुन्हा पाहिला नाही.

मग मला राहवलं नाही. मशीनला विचारलं ते सांगितलं, वही दाखवली, पहिल्या सकाळचं माझं एकोणऐंशी सांगितलं, आणि भोकाड पसरलं. काकू चहा घेऊन वर आल्या. "काय झालं? कामून रडायली ही?"

"मूळ न्हाई निघाली," काका म्हणाले. "संयुक्त हाय."

"मग चांगलंच झालं की. रडायचं काय त्यात?"

काका उठले. "चल, चप्पल घाल. लोकांना चुकीचं सांगून बसलो. जाऊन सांगाया पाहिजे."

कोठीच्या पुस्तकवाल्यापुढं ते उभे राहिले आणि म्हणाले, "वो मूळ नहीं है. मेरे सुनने में गलती हुई." पुस्तकवाला म्हणाला, "हौ? अच्छा," आणि पुन्हा पुस्तकांची धूळ झटकायला लागला. तिथून आम्ही तारनाक्याला गेलो. गार्डसाहेब पोटावर हात ठेवून हसले. "अय्यो! तीन साल खाली बैठ के भागाँ किए? कौन पढ़ा था वो नंबर?"

"मैंच पढ़ा," काका म्हणाले.

"नहीं अंकल," मी म्हणाले. "मैंने पढ़ा था. इनको तो दिखता ही नहीं. गलती मेरी है."

गार्डसाहेबांचं हसू थांबलं. ते माझ्याकडं नाही, काकांकडं बघत राहिले. "पढ़ी वो. पर तू क्या कर रहा था? यार्ड में हम लोगाँ कुछ भी बोलो, तू पहले जोड़ के देखता था, फिर मानता था. इसको कैकू नहीं देखा?"

काका म्हणाले, "चाय पिला." आणि विषय बदलला.

परतताना रिक्षात मी तेच विचारलं. विद्यापीठाच्या बाजूची झाडं मागं जात होती.

"चाळीस वर्षं बेरीज केली, बेटा," ते म्हणाले. "कुणी या म्हणालं, बेरीज. बसा म्हणालं, बेरीज. जेवायला ये म्हणालं तरी आधी मनात बेरीज, की ह्याच्या बोलण्यात कितीनं भाग जातो. त्या दिवशी तू बाजूला बसून वाचायलीस आन् मला बेरीज करावीच वाटली न्हाई. पुढं कधीच केली न्हाई."

"म्हणून तर तीन वर्षं वाया गेली, काका."

"हौ, गेली," ते म्हणाले. "लई निवांत गेली."